एकतीस किलोमीटर

रीगा, २५ नोव्हेंबर २०१३

प्रिय मायगा,

काल मृतांसाठी मेणबत्त्या लावायचा रविवार होता. मी आपल्या गावी, वार्नूपेला जाऊन आलो. बाबांच्या शेजारी आईची माती अजून बसलेली नाही, पावसाने एका बाजूला खचली आहे. मी फावड्याने सारखी केली आणि चार मेणबत्त्या लावल्या. दोन आपल्या दोघांच्या नावाने. तुझी वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा काचेच्या बरणीत ठेवली तेव्हा टिकली.

आईला पोचवायला तू आलीस ते मी पाहिलं होतं. मागच्या रांगेत, करड्या कोटात. पाद्रीबुवांचं संपेपर्यंत मी मान वळवली नाही, कारण वळवली तर तू निघून जाशील असं वाटलं. वळवली तेव्हा तू गेलीच होतीस. सॉर्मांच्या म्हातारीने सांगितलं, "तुझी बहीण दोनच्या बसने गेली. आयर्लंडहून दोन विमानं बदलून आली आणि चहासुद्धा नाही घेतला. काय केलंस रे तिला?"

मी म्हटलं, "काही नाही हो. तिला कामावर हजर व्हायचं होतं."

अडीच वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस. तरी लिहितो. आईच्या घराचं काय करायचं ते विचारायचं होतं. निदान स्वतःला तरी मी तसंच सांगितलं आणि लिहायला बसलो.

बंद करायच्या हॉस्पिटलांच्या त्या यादीबद्दल एकदाच लिहितो. ती मी एकट्याने केलेली नव्हती. दोन हजार नऊचा तो वसंत तुलाही आठवत असेल. बँक बुडाली होती, तिजोरी रिकामी होती, बाहेरून कर्ज आलं तेव्हाच पगार झाले. शेजारच्या कुणी असल्या वेळी आपल्या नाण्याचा भाव उतरवला असता. आम्हाला युरोत जायचं होतं, त्यामुळे आपल्या लाट्सचा भाव तसूभरही हलता कामा नये असं ठरलेलं. आमच्या खात्यातला एक जण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता, "नाण्याचा भाव उतरवता येत नाही ना? मग माणसांचा उतरवा." आम्ही हसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून तेच करायला लागलो. शिक्षकांचे पगार, म्हाताऱ्यांची पेन्शनं, गावोगावची हॉस्पिटलं. पेन्शनं पुढे कोर्टाने परत मिळवून दिली. बंद झालेलं हॉस्पिटल उघडायला कुणी कोर्टात गेलं नाही.

कर्ज देणाऱ्यांनी नावं कधीच विचारली नाहीत. त्यांनी एकूण आकडा दिला. नावं आम्ही घातली.

बस. पुढच्या आठवड्यात मला सिलानेला जायचं आहे. हो, सिलानेलाच. युरो येणार म्हणून गावोगाव सभा घेऊन लोकांच्या शंका दूर करायच्या, असं माझं हल्लीचं काम आहे. मी दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून पाहिलं. कुणी नाही.

तुझा,
विस्वाल्डिस

*

रीगा, ९ डिसेंबर २०१३

मायगा,

सिलानेची सभा गावच्या सभागृहात नव्हती. तिथलं छप्पर गळतं. सभा हॉस्पिटलमध्ये होती.

म्हणजे जे पूर्वी हॉस्पिटल होतं त्याच्या तळमजल्यावर. पाटी काढलेली, पण तिच्या जागी भिंतीचा रंग गडद राहिलाय, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. मी आत शिरलो तर ऊब! चार वर्षं बंद असलेली इमारत, बाहेर उणे आठ, आणि आत माणसं कोट काढून बसलेली.

चाळीसेक म्हातारी माणसं होती. मी भिंतीवर तक्ता लावला, जुन्या नाण्याचे नवे किती ते दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हात वर केला.

"साहेब, हे नवं नाणं फिनलंडमध्ये चालतं?"

"चालतं की."

"जर्मनीत?"

"तिथेही."

"म्हणजे नाणं सगळ्यांचं एकच. मग त्यांचा डॉक्टरही आपल्याला चालेल का?"

लोक खो खो हसले. मीही हसलो. मग मी ठरलेलं उत्तर दिलं की आरोग्य, पेन्शन वगैरे ज्या त्या देशाने आपापलं पाहायचं असतं. आजी म्हणाल्या, "अस्सं. पाकीट एकत्र आणि दुखणं वेगळं. असा संसार माझ्या जावेने केला होता, दोन वर्षांत मोडला."

सभेनंतर सगळे गेले. मी तक्ता गुंडाळत होतो, तर तळघरातून एक माणूस वर आला. साठीचा, रुंद, हात काजळीने काळे. म्हणाला, "चहा घेणार का साहेब? खाली आहे. तुमची बस पाचला."

तो बॉयलरवाला होता, एवाल्ड्स. हॉस्पिटल चालू असताना तोच बॉयलर पाहायचा आणि बंद झाल्यावरही तोच पाहतोय. गारठ्याने नळ फुटले तर इमारत कायमची जाईल, म्हणून नगरपालिका त्याला थोडं सरपण आणि बेकारांना देतात ते शंभर लाट्स देत होती. आता तेही बंद झालंय. तो स्वतः जंगलात जाऊन वाळकी लाकडं आणतो.

मी विचारलं, "कशासाठी करता एवढं?"

"उघडलं समजा पुन्हा? थंडगार इमारतीत आजारी माणूस कसा ठेवणार?"

भट्टीसमोर दोन खुर्च्या होत्या. राईच्या पावावर त्याने डुकराची चरबी लावून दिली, कांदा कापून दिला. भिंतीवर एका बाईचा फोटो होता. दोन्ही हात वर, तोंड अर्धवट उघडं, समोर गाणाऱ्यांची रांग. मी विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"माझी बायको. आर्निता. शाळेत गाणं शिकवायची. गावाचा कॉयर तिचाच."

मायगा, मला नाव ऐकायच्या आधीच कळलं होतं.

"दम्याचा त्रास होता तिला," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून बावीस वेळा इथे वरच्या मजल्यावर आणली असेल. नळी लावायचे, वाफ द्यायचे, तासाभरात उठून बसायची. घर इथून चार मिनिटांवर. एकदा तर चपला घालूनच चालत आली होती आणि चालत परत गेली."

मी चहा संपवला. पाचची बस पकडली. मी त्याला सांगितलं नाही की मी कोण.

तू तेव्हा जे म्हणालीस ते मला रोज आठवतं. दोन हजार अकराच्या जूनमधली यानू सणाची रात्र, शेकोटी, टेबलावर शहाजिऱ्याचं चीज, मी बिअरचा तिसरा ग्लास घेतलेला. मीच फुशारकी मारली. "तुझी नर्सची नोकरी, आईचं औषधपाणी, सगळं माझ्यामुळे टिकलंय, कळलं का? वार्नूपेचं हॉस्पिटल यादीत होतं. मी काढलं."

तू विचारलंस, "दादा, मग त्याच्या जागी कोण गेलं?"

"सिलाने."

मग म्हणालीस, "सिलानेची एक बाई माझ्या टेबलावर आली होती. गाण्याची शिक्षिका. मेलेली आली." आणि उठून गेलीस. ऑगस्टमध्ये आयर्लंडला.

तेव्हापासून मला त्या बाईचा श्वास ऐकू येतो. शिट्टीसारखा, वर ओढलेला, पण खाली न येणारा. मी तो कधी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. लिफ्टमध्ये येतो, जिन्यावर येतो. शेवटच्या महिन्यांत आईला धाप लागायची तेव्हा मी तिच्या उशाशी बसायचो आणि खोलीत दोन श्वास ऐकायचो. आई मला म्हणायची, "कान देऊन काय ऐकतोयस? मी आहे अजून." वार्नूपेच्या हॉस्पिटलने तिला चार वेळा परत आणलं. तिला चार वर्षं मिळाली. ती वर्षं कुणाची होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

वि.

*

रीगा, २९ डिसेंबर २०१३

मायगा,

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सिलानेला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. एवाल्ड्ससाठी राखाडी वाटाणे आणि धुरावलेलं मांस नेलं. तो म्हणाला, "साहेब, युरो इतका अवघड आहे की दोनदा समजावायला लागतो?" आणि हसला. ते हसू मला सोसलं नाही.

मग त्याने स्वतःहून सांगितलं. तुला त्यातलं काही माहीत असेल, काही नसेल.

चोवीस जानेवारी दोन हजार दहा, रविवार, दुपारचं जेवण झालेलं. आर्निताला धाप लागली. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, म्हणजे चांगलीच लवकर. नवी व्यवस्था होती, सगळ्या जिल्ह्यांच्या गाड्या एकत्र केलेल्या, ड्रायव्हर देशाच्या दुसऱ्या टोकाचा. रोलांड्स नावाचा. एवाल्ड्स मागे बसला, तिच्या तोंडावर मास्क धरून.

"मागे खिडकी नव्हती साहेब. मला वाटलं, मोठ्या रस्त्याने चाललोय. गाडी थांबली तेव्हा दार उघडून पाहतो तर जंगल! कमरेएवढा बर्फ. त्या गाढवाने जंगलातली वाट धरली होती. ती वाट नोव्हेंबर ते एप्रिल बंद असते, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ट्रॅक्टर यायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास."

"चौकशी झाली ना?" मी विचारलं.

"झाली. ड्रायव्हरचा दोष निघाला. काढून टाकला त्याला. आता कुठे तरी लाकडं तोडतो. मी त्याच्या दारावर थुंकून आलोय, दोनदा. तिसऱ्यांदा जाणार आहे."

मग तो भट्टीत एक लाकूड सारून म्हणाला, "वार्नूपेला तिला आत नेलं, दार लावलं. थोड्या वेळाने एक नर्स बाहेर आली. गाडीतच गेली होती म्हणाली. पण साहेब, दारापर्यंत तिची बोटं माझ्या हातात होती. गरम होती. गाडीतच गेली तर बोटं हलली कशी? मला भास झाला असेल. रोज तेवढा एक विचार करतो."

ती नर्स कोण, ते मला माहीत होतं.

आता तुला ते लिहितो जे मी यानूच्या रात्रीही सांगितलं नव्हतं. मी वार्नूपे यादीतून "काढलं" म्हणालो, पण कसं काढलं ते तू विचारलं नाहीस.

नियम असा होता: पस्तीस किलोमीटरच्या आत दुसरं हॉस्पिटल असेल तर इथलं बंद. वार्नूपेपासून जिल्ह्याचं हॉस्पिटल तेहेतीसवर. सिलानेपासून आपलं सेहेचाळीसवर. म्हणजे जायचं ते आपलंच होतं. आई तेव्हा आपल्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर होती, तू तिथे नोकरीला होतीस. मी नकाशा काढला. जंगलातून एक वाट दिसली, एकतीस किलोमीटर. नकाशावर ती आहे, खोटं काही नाही. मी तक्त्यात सेहेचाळीस खोडून एकतीस लिहिलं. मग दोन्ही गावं नियमात बसली, आणि बंद एकच करायचं होतं म्हणून दोघांतलं लहान होतं ते गेलं. कुणी विचारलं नाही. कर्ज देणाऱ्यांना एकूण बचत हवी होती, ती तेवढीच राहिली.

एका आकड्याने एक इमारत बंद होते, हे मला समजत होतं. त्या आकड्याचं पुढे काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. एवाल्ड्सकडून परतल्यावर पाहिलं. दप्तरखान्यात जुनी फाइल काढली. रुग्णवाहिकांचा नवा नकाशा आमच्याच तक्त्यावरून केलेला. सिलाने ते वार्नूपे: ३१.

रोलांड्सच्या गाडीतल्या नकाशाच्या पडद्यावर माझा आकडा होता, मायगा.

तू एवढंच सांग. ती गाडीतच गेली होती ना?

*

सिलाने, ६ जानेवारी २०१४

मायगा,

हे पत्र बॉयलरच्या शेजारी बसून लिहितोय. एवाल्ड्स लाकडं आणायला गेलाय. मला इथे बसायची परवानगी आहे की नाही ते माहीत नाही, पण त्याने हाकलून दिलेलं नाही.

पहिल्या तारखेला युरो आला. रीगात लोक यंत्रासमोर रांग लावून नव्या नोटा काढत होते, फटाके, बँड. दोन तारखेला मी राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "आत्ता? आत्ता तर आपण जिंकलो!" मी त्यांच्यासमोर फाइलची प्रत ठेवली. ती त्यांनी वाचली, दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, प्रत्येकाने आपापल्या गावासाठी काहीतरी केलंय. तू काय एकटाच आहेस? कुणाला बरं वाटणार आहे ह्याने?"

तिसऱ्या तारखेला इथे आलो. एवाल्ड्सला जिन्यातच सांगितलं, खाली खुर्चीत बसून सांगायची हिंमत नव्हती. पूर्ण सांगितलं. आई, नकाशा, सेहेचाळीस, एकतीस.

तो ऐकत राहिला. हातात लोखंडी आकडी होती, भट्टी ढवळायची. ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली, अगदी हळू. मग म्हणाला, "तुमची आई कशी आहे?"

"ऑक्टोबरमध्ये गेली."

"किती वर्षांची?"

"त्र्याऐंशी."

"आर्निता एक्केचाळीस." मग म्हणाला, "तुम्ही मला वाटाणे आणून दिलेत. मी खाल्ले."

त्यानंतर तो खाली गेला. मी जिन्यात बसून राहिलो. तासाभराने वर आला तो कोट घालून. म्हणाला, "चला. रोलांड्सकडे."

बारा किलोमीटर त्याच्या जुन्या गाडीतून गेलो. रोलांड्स अंगणात ओंडके फोडत होता. चाळिशीचा असेल, दात पडलेले, साठीचा दिसतो. एवाल्ड्सला पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि हात मागे घेतले.

"थुंका," म्हणाला. "पण आत बायको आहे, आवाज करू नका."

एवाल्ड्सने मला पुढे ढकललं. "ह्याला सांगा."

मी सांगितलं. रोलांड्सने मध्येच विचारलं, "म्हणजे पडद्यावरचं तुम्ही लिहिलेलं?" मी हो म्हटलं. तो हसला, पण ते हसणं नव्हतं. म्हणाला, "चौकशीत मी ओरडून सांगत होतो, मशीनने दाखवलं. ते म्हणाले, मशीन चुकत नाही. वळणावर मला वाटलं होतं हो, की रस्ता बरोबर दिसत नाही. पण आत बाईचा श्वास ऐकू येत होता, आणि पंधरा किलोमीटर वाचत होते. चार वर्षं मी तिला मारलं असं धरून जगलो. दारू त्याच्यापायी, बायकोशी भांडणं त्याच्यापायी. आता तुम्ही येता आणि म्हणता, तू नव्हतास. मग ही चार वर्षं कुणाच्या नावावर लिहू?"

एवाल्ड्स पुढे झाला. त्याने बाहीने दाराची चौकट पुसली. तिथे काही नव्हतं, त्याच्या थुंकण्याची जुनी जागा होती. पुसत राहिला. रोलांड्सच्या बायकोने आतून दार उघडलं आणि विचारलं, "कोण आहे?" रोलांड्स म्हणाला, "सिलानेचे आहेत. चहा ठेव."

मी सगळं लिहून सही केली आहे, तीन प्रती. एक सरकारी वकिलाकडे, एक जिल्ह्याच्या पेपरला, एक रोलांड्सला. माझ्यावर खटला होईल. होऊ दे. पेन्शनही जाईल कदाचित.

एवाल्ड्स माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी त्याने विचारलं, "त्या नर्सचं नाव काय होतं? तुम्हाला माहीत असणार." मी म्हटलं, "माहीत आहे. पण ते तिने सांगायचं."

वि.

*

आयर्लंड, १९ जानेवारी २०१४

दादा,

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. जुनीसुद्धा. फाडलं एकही नाही.

तुला वाटत आलंय की मी तुझ्या रागाने इथे आले. मीही तुला तसंच वाटू दिलं, कारण ते सोपं होतं. इथे मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. इथेही कपात झाली, दोघींचं काम एकीवर आहे. परवा एका आजोबांचा श्वास अडकला, तर मी मदत येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. पर्यवेक्षक म्हणाली, इतकं करायची गरज नव्हती. होती.

आर्निता जिवंत आली होती.

तू वाचवलेलं हॉस्पिटल तू कधी आतून पाहिलं नाहीस. पाटी होती, खाटा होत्या. रविवारी डॉक्टर नव्हता. दोन गावांत मिळून एक ठेवला होता, तो त्या दुपारी जिल्ह्याला होता. मी एकटी. तिला आत घेतलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते, ओठ निळे. मी नळी घालायचा प्रयत्न केला. दोनदा. मला ते करायची परवानगी नाही आणि मला ते नीट येतही नाही. फोनवर डॉक्टर सांगत होते, मी करत होते. अकरा मिनिटं. तिने एकदा माझा दंड धरला आणि विचारलं, "ही कुठली जागा?" मी म्हटलं, "वार्नूपे." ती म्हणाली, "एवाल्ड्सला आत बोलवा." मी म्हटलं, "एक मिनिट, आधी हे होऊ दे." ते झालं नाही. त्याला मी बोलावलं नाही.

डॉक्टर पोचले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मायगा, डॉक्टर नसताना रुग्ण आत मेला असं लिहिलं तर हेही बंद करतील. तुझी आई वर आहे ना? गाडीतच गेली असं लिही." मी लिहिलं. मग बाहेर जाऊन त्याला तेच सांगितलं. तो दाराला टेकून उभा होता, टोपी हातात.

म्हणून यानूच्या रात्री मी उठले. तू म्हणालास, माझ्यामुळे टिकलं. मला वाटलं, टिकवण्यात मीही आहे.

त्याला भास झाला नव्हता. बोटं हलली होती.

हे सगळं मी तारीख आणि वेळेसकट लिहून सही केली आहे. पोस्टाने पाठवणार होते, पण हे पोस्टाने सांगायचं नाही. इथली रजा मिळाली नाही, म्हणून नोकरी सोडली. गुरुवारी पोचते. मला घ्यायला विमानतळावर येऊ नकोस, आणि सिलानेलाही त्या दिवशी येऊ नकोस. तू त्याला माझं नाव सांगितलं नाहीस, ते बरं केलंस.

त्याच्याकडे मी एकटी जाणार आहे.

मायगा